जिवंत माणसाचा चिरा

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

आज मेलेल्या माणसाकडून निरोप आला. म्हणजे त्याच्या मुलीची ईमेल आली, आश्रमशाळेच्या पत्त्यावर. मुख्याध्यापक सरांनी ती छापून माझ्या हातात दिली. "बाई, तुमच्या पाड्याचं काहीतरी दिसतंय, तुम्हीच बघा." इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे सरकतो. नऊ वर्षं इथे इंग्रजी शिकवते, तेव्हा कुरकुर करायला तोंड नाही.

मुलीचं नाव कर्स्टी, राहणार स्कॉटलंड. तिचे वडील हॅमिश लेर्ड, वय चौपन्न. एकोणीस वर्षं पोटापाण्यासाठी फुटबॉल खेळले, मैदानाच्या मधल्या फळीत. आता त्यांची आठवण विरत चालली आहे. जन्मभर चेंडू डोक्यानं मारला, तेही कारण असेल, असं डॉक्टर म्हणतात. मुलीचं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण रोज सकाळी तयार होऊन बसतात आणि म्हणतात, मला सूर्यमाळला जायचंय, माझे बूट कान्हाकडे आहेत. कान्हा वारला असं वडिलांनीच आम्हाला पूर्वी सांगितलं होतं, पण तो वारल्याचंच आता ते विसरलेत, असं तिनं लिहिलंय. कान्हाच्या घरचं कोणी आहे का? नोव्हेंबरात आलो तर चालेल का?

कान्हा म्हणजे माझा बाबा. आज सकाळी माझ्या स्कूटीला किक मारून देत होता. ठणठणीत आहे.

आणि हामीस (आमच्याकडे सगळे असंच म्हणतात) अठरा वर्षांपूर्वी मेला आहे. सूर्यमाळजवळच्या आमच्या खैराच्या पाड्याच्या वेशीवर उंबराखाली त्याचा चिरा उभा आहे. पाड्यात माणूस गेला की सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरून उभा करतात, म्हणजे गेलेल्याला टेकायला जागा होते. हामीसच्या चिऱ्यावर घोडा नको, चेंडू कोर, असा बाबानं हट्ट धरला होता. सुतारानं जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. त्यामुळे कळशीला लाथ मारणारा माणूस सूर्यचंद्राखाली उभा आहे.

कागद वाचला तेव्हा वर्गात ढग शिरला होता. मागच्या बाकावरच्या मुली दिसेनाशा झाल्या, नुसते आवाज येत होते. मी तशीच शिकवत राहिले. काय शिकवलं ते आठवत नाही.

बाबाला सांगितलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहिते.

दोन हजार सातच्या आषाढात पार्सल आलं. त्यात एक बुटांची जोडी आणि एक पत्र. आमच्याकडचं माणूस वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर लांब कुठे दगावलं आणि प्रेत आणणं जमलं नाही, तर सोबतचे त्याच्या चपला घरी आणतात. त्या पुरून त्याचा चिरा उभा करतात. त्यामुळे माणसाशिवाय पायताण घरी आलं याचा पाड्यात एकच अर्थ. आईनं बूट बघताच गळा काढला. गोमा भगत डोळे मिटून बसला. सारा पाडा अंगणात जमला आणि पत्र माझ्या हातात दिलं.

मी सोळा वर्षांची, नुकतीच दहावी झालेली, पाड्यातली इंग्रजी येणारी पहिली मुलगी. तसं मीच सगळ्यांना सांगत फिरायची. पत्रातलं अक्षर जोडून काढलेलं, तिरकं. मला छापील सोडून काही वाचता येत नव्हतं. मी नुसती बघत राहिले. गोमाबाबानं विचारलं, "गेला ना?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. येत नाही म्हणायची लाज वाटली. मग बाबानं माझ्या हातून पत्र घेतलं आणि बराच वेळ बघत राहिला. वाचता न येणारा माणूस पत्रात काय बघतो कोण जाणे. मला वाटलं रडेल, पण रडला नाही. संध्याकाळी पत्र मला परत दिलं, म्हणाला, तुझ्या पुस्तकात ठेव.

पुढे जव्हारला कॉलेजात गेल्यावर ते मला नीट वाचता आलं. त्यात मरणाबिरणाचं काही नव्हतं. तोपर्यंत चिरा चार पावसाळे जुना झाला होता. मी दार लावून खूप रडले आणि पत्र ट्रंकेत घातलं. उत्तर लिहिलं नाही. त्या दिवसापासून मी नुसती चुकलेली मुलगी नाही, खोटारडी बाई आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

दिवसभर झडी. हामीसची सगळी पत्रं काढून बसले. चौदा वर्षांत अकरा.

तो इथे आला त्र्याण्णव साली. वावर गावाकडे पोरं भुकेनं दगावली आणि साऱ्या देशाचं लक्ष या डोंगराकडे वळलं, तेव्हा धान्य वाटणाऱ्या एका संस्थेबरोबर आला. बावीस वर्षांचा. गुडघा दुखावल्यामुळे त्याचा खेळ वर्षभर बंद होता, म्हणून वेळ होता. सुरुवातीला त्याला ओहोळ ओलांडता येईना, तेव्हा बाबा त्याला पाठीवर घेऊन पलीकडे न्यायचा. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी दिवसभर बोलत असायचे म्हणे.

माझा थोरला भाऊ सोम्या तेव्हा चार वर्षांचा. सोमवारी जन्मला म्हणून सोम्या. आमच्याकडे जन्मवाराचं नाव पडतं. मीही खरी बुधी, शाळेत घालताना गुरुजींनी बुधीची प्रगती केली. सोम्याला उलट्या लागल्या. बाबा मजुरीला लांब गेला होता. हामीसनं त्याला उचललं आणि त्या बिचाऱ्या गुडघ्यावर रस्त्यापर्यंत डोंगर उतरत पळाला. जीप मिळाली तेव्हा सोम्या गेलेला होता. गुडघा मात्र कायमचा कच्चा राहिला. एका मोठ्या क्लबाशी त्याची बोलणी चालली होती, ती त्यामुळे फिसकटली. हे त्यानं कधी उघड लिहिलं नाही, एका पत्रात सहज निसटलंय.

मग तो लहान क्लबांकडून खेळला. आधी समुद्रकाठच्या एका मासेमारांच्या गावाकडून, मग कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या एका शहराकडून. पाचशे अकरा सामने, सव्वीस गोल. गोल करणं त्याचं काम नव्हतं. एकाकडून चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायची आणि दुसऱ्याला द्यायचा. ही पत्रं पूर्वी, बदली होईपर्यंत, आश्रमशाळेतले एक गुरुजी वाचून दाखवायचे. तेव्हा बाबा म्हणाला होता, म्हणजे लावणीत मधे उभं राहून दोन्हीकडच्या बायांना रोपांच्या मुठी पुरवतो, त्याचं काम. त्याच्या हाताशिवाय लावणी अडते, पण शेत बघून त्याचं नाव कोणी घेत नाही.

देशाच्या निळ्या जर्सीत एकदाच उतरला, शेवटची अकरा मिनिटं. "चेंडू माझ्याकडे नऊ वेळा आला," असं लिहिलंय. "आठ वेळा बरोबर माणसाला दिला. नववा चुकला. पुन्हा बोलावलं नाही. मला अजून त्या नवव्याची स्वप्नं पडतात."

बाबाला वाचता येत नाही हे हामीसला ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक पत्राच्या तळाशी तो बाबासाठी चित्र काढायचा. चिखलात पडलेला माणूस, बाकावर बसलेला माणूस, मांडीवर लेक. बाबा आधी चित्र बघायचा, मग पत्र वाचायला द्यायचा. शेवटच्या पत्रावर तेवढं चित्र नाही. खालची कडही फाटकी आहे. घाईत असेल, किंवा तेव्हापासूनच विसरायला लागला असेल बिचारा.

२१ सप्टेंबर, रविवार

पितरी अमावास्या. बाबानं आजा, आजी आणि सोम्याला पान वाढलं. मग लोटा घेऊन वेशीवर गेला. हामीसच्या चिऱ्याला पाणी घातलं, शेवाळ पुसलं, शेजारी बसून विडी ओढली आणि यंदा नागली कशी आहे ते त्याला सांगितलं. पान मात्र नाही वाढलं. कधीच वाढत नाही. आईनं दरवर्षीसारखं टोकलं, आणि बाबा दरवर्षीसारखं म्हणाला, त्याला आपला भात कुठं आवडायचा. आई म्हणाली, मेल्यावर कसली आलीय आवडनिवड.

मला हसू आलं. त्याआधी बाबाला सांगायचं ठरवून वेशीवर गेले होते. तो चिऱ्याला टेकून धुक्याकडे बघत होता. इतका सुखात दिसला की मी परत फिरले.

४ ऑक्टोबर, शनिवार

कर्स्टीला कळवलं: कान्हा जिवंत आहे, या.

आणि आज पहाटे वेड्यासारखं वागले. हामीस येणार आणि वेशीवरच स्वतःचा चिरा बघणार! मी पहार घेऊन गेले, म्हटलं काढून रानात टाकू. धुकं एवढं की माझाच हात मला दिसत नव्हता. पाऊण तास खणलं, चिरा इंचभर हलला नाही. वर माझाच अंगठा चेचला.

"कोणाला उठवतीस गो?" धुक्यातून आवाज आला. गौराबाई, पाड्याची सुईण. अर्ध्या पाड्याची नाळ तिनं कापली आहे, माझीही. सरपणाला निघाली होती. मी तिथेच बसले आणि सगळं बोलून टाकलं. पत्र, तो "हो", ट्रंक. या वहीबाहेर पहिल्यांदा.

गौराबाई आधी पोट धरून हसली. मग माझ्या हातातली पहार काढून घेतली. चिरा एकदा लावला की उपटत नाहीत, म्हणाली. जित्या माणसाचा लावला तर त्याचा जीव अर्धा इथं अडकतो, मग तो तिकडं धड ऱ्हात नाय. मी विचारलं, मग उपाय काय? ती म्हणाली, "मेलेला परत आला तर त्याला जलमाला घालायचा. ते माझ्याकडं लागलं. तू आधी तुझ्या बापाला सांग."

खणलेली माती तिनंच पायानं सारखी केली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वाघबारस. शाळेला सुट्टी. बाबा गुरांपाठी, मी बाबापाठी. तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाले, "बाबा, यंदा थंडी लवकर पडणार." दुसऱ्यांदा म्हणाले, "बाबा, ती तांबडी गाय लंगडते का?" तिसऱ्यांदा नुसतंच "बाबा". तो म्हणाला, "काय गो?" मी म्हणाले, काही नाही.

वर्गात मुलींना सांगते, न घाबरता बोला.

३ नोव्हेंबर, सोमवार

अर्धं सांगितलं. बाबा पडवीत दोर वळत होता. मी म्हणाले, हामीस जिवंत आहे. त्याच्या मुलीचं पत्र आलंय. चौदा तारखेला येतो आहे.

बाबाचे हात थांबले. "कोणत्या वाटेनं?" त्यानं विचारलं. मोखाड्याकडून, मी म्हणाले. त्यानं मान हलवली, दोर पुरा वळला, मग उठून माळ्यावरची जुनी बाज खाली काढली आणि तिची सुंभं कसायला बसला. उंच माणूस, पाय बाहेर जातील म्हणून पायथ्याला एक फळी जोडली.

जिवंत कसा, असं त्यानं विचारलंच नाही. धक्का बसला असणार. आईनं मात्र पुरतं तासभर विचारलं आणि मी म्हणत राहिले, काहीतरी गैरसमज झाला असेल. गैरसमज झाला असेल! जणू तो आपोआप होतो, पाऊस पडावा तसा.

पहाटे डोळा लागला तेव्हा स्वप्न पडलं. धुक्यात कोणीतरी अनवाणी चालतंय आणि प्रत्येक दारात अतिशय नम्रपणे विचारतंय. काय विचारतंय ते मला कळतं, पण भाषा येत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आले.

सकाळी आठला गाडी वेशीवर थांबली. उन्हं धुक्यावर पडून सगळं दुधाळ झालेलं. आधी कर्स्टी उतरली, लाल केसांची, थकलेली. मग तो. चित्रातल्यापेक्षा उंच, केस पांढरे, उजवा पाय ओढत चालणारा. सारा पाडा उभा होता आणि कोणी बोलत नव्हतं. ज्याचं सुतक पाळलं त्याच्याशी पहिला शब्द काय बोलायचा?

बाबा पुढे गेला. हामीसनं त्याच्याकडे हसून बघितलं आणि त्याच्या पाठीमागे नजर टाकून विचारलं, कान्हा कुठाय? मी भाषांतर केलं. त्याचा कान्हा पंचवीस वर्षांचा, काळ्या केसांचा. हा पिकलेला म्हातारा कोण?

बाबाला वाईट वाटलं नाही. तो वळला, त्याच्याकडे पाठ केली, गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि म्हणाला, "ये."

हामीस बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात बाबाच्या खांद्यांवर ठेवले, गाल पाठीला लावला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. कान्हा, म्हणाला. कान्हा, कान्हा. कर्स्टीनं तोंड फिरवलं. मीही.

चिऱ्याजवळून जाताना कर्स्टी थांबली. सूर्य, चंद्र, चेंडू. हे कोण, तिनं विचारलं. गावातला एक मधल्या फळीतला खेळाडू, मी म्हणाले. किती सुंदर, ती म्हणाली, आमच्याकडे कोणी मिडफिल्डरचा पुतळा करत नाही.

पुन्हा खोटं. आता मला सवयच झाली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आमच्या शाळेच्या मुली सकाळी माळावर खेळतात, अनवाणीच. आज हामीसला नेलं. नुसता बघत बसेल असं वाटलं होतं. तो उठून सरळ मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

मग ढग आला. गोलाचे बांबू गेले, मुली गेल्या, फक्त त्यांच्या हाका राहिल्या. अशा वेळी आम्ही खेळ थांबवतो. पण चेंडू धुक्यात जायचा आणि दोन क्षणांनी कोणाच्या तरी पायाशी यायचा, अगदी पायाशी. सपना नंतर सांगत होती, बाई, मला ते दिसत नव्हते, त्यांना मी कशी दिसले? तो बघतच नव्हता. मान थोडी कलती करून ऐकत होता. पाच पावलांच्या बाहेर तो हलला नाही, आणि सगळा खेळ त्याच्याभोवती हळूहळू फिरत होता. मीही काठावर उभी राहून विसरले की हा माणूस मेला आहे, की जिवंत आहे, की मी गुन्हेगार आहे.

तो ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होता. नवव्यांदा चेंडू आला, त्यानं सपनाच्या हाकेच्या दिशेनं दिला. तो पोहोचल्याचा आवाज आल्यावर हसला आणि बाहेर येऊन बाबाशेजारी बसला. पुन्हा खेळला नाही.

आणि मग विचारलं, माझे बूट?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी सगळे पडवीत होतो. हामीसनं बुटांचं विचारलं, बाबा म्हणाला, आहेत. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, बाबा तितक्याच शांतपणे म्हणाला, आहेत. असं चारदा झालं. कर्स्टी मला म्हणाली, बूट नसतील तर तसं सांगू या, ते विसरतील. आणि मला वाटलं, माझंही असंच चाललं आहे, सगळे विसरतील म्हणून मी थांबले आहे.

मी ट्रंकेतून पत्र आणलं आणि बाबासमोर बसून मराठीत वाचलं. "कान्हा, मी खेळ थांबवला. गुडघा आता नाही म्हणतो. हे माझे शेवटचे बूट. कोणाला घालू देऊ नकोस, मी घ्यायला येईन. तोपर्यंत माझा एक भाग तिथं राहू दे. मिळाले की कळव. उत्तर आलं नाही तर मी समजेन की तू राहिला नाहीस, कारण असलास तर तू नक्की कळवशील."

मग म्हणाले, बाबा, त्या दिवशी मला हे वाचता आलं नव्हतं. मी उगाच हो म्हणाले. नंतर वाचता आलं तेव्हाही गप्प राहिले. तुझा दोस्त तुला मेलेला समजत राहिला. मी केलं हे.

बाबा उठला. मला वाटलं बाहेर जाईल. तो आत गेला, कणगीमागून विडीचा पत्र्याचा डबा घेऊन आला, त्यातून कागदाची एक पट्टी काढली आणि माझ्या मांडीवरच्या पत्राखाली ठेवली. फाटलेली कड कडेला लागली.

पट्टीवर चित्र होतं. झोपडीत खुंटीला टांगलेले बूट. बाहेर डोंगराची वाट, वर सूर्य आणि वाटेनं येणारा एक उंच माणूस, हसणारा.

म्हणजे अंगणात माझ्या हातून पत्र घेऊन तो इतका वेळ हे बघत होता. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला राग आला, इतका की ओरडलेच. मग बोलला का नाहीस? चिरा का लावू दिलास? अठरा वर्षं?

"तू हो म्हणालीस, पाड्यानं ऐकलं," बाबा म्हणाला. "मी नाय म्हणालो असतो तर तुझं पुस्तक सुटलं असतं, बाय. दुसऱ्या कोणाकडून कागद लिवून घेतला असता तरी तेच." मग हामीसकडे बघून म्हणाला, "त्यानं आपला सोम्या उचलला तवा सोताच्या गुडघ्याकडं बघलं नाय. मंग मी माझं काय बघू?"

म्हणून पान वाढत नव्हता. जिवंत माणसाला पितराचं पान कसं वाढणार. आणि मी सगळं लिहून ठेवत होते, डोळ्यांसमोरचं मात्र दिसत नव्हतं.

मी बाबाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले. हामीसनं वाकून पट्टी उचलली, चित्र बघितलं आणि खूश झाला. हा येतोय, म्हणाला.

कर्स्टीलाही सगळं सांगितलं. चिऱ्यासकट. तिनं वडिलांच्या हातातलं चित्र बघितलं. मग म्हणाली, मी दोन वर्षं रोज माझ्या वडिलांना थोडं थोडं पुरते आहे, आणि मला कोणी एक दिवससुद्धा रडायला दिला नाही. मला त्या चिऱ्यापाशी बसू देशील?

ती संध्याकाळपर्यंत तिथं बसली होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज पाचवी. शुक्रवारपासून पाचवा दिवस, म्हणून गौराबाईनं आजचा धरला.

आधी मी पाड्यासमोर उभी राहून सांगितलं. वाटलं होतं, थुंकतील. गोमाबाबा आता ऐंशीच्या घरात आहे. तो म्हणाला, मी डोळे मिटून बघत होतो तेव्हा मलाही काही दिसलं नव्हतं, तरी मीच आधी विचारलं, गेला ना म्हणून. बायका पदराआड हसल्या. मला आता पाड्यात "हो-बाई" म्हणतील, निदान दहा वर्षं. म्हणू देत.

चिऱ्याखालचे बूट खणून काढले. चामडं मातीत मिसळलेलं. हाती आले तळाचे धातूचे बारा खिळे, म्हणजे स्टड, आणि दोन नाड्या. बाबानं ओहोळावर धुऊन आणले आणि हामीसच्या ओंजळीत ठेवले. कोणाला घालू दिले नाहीत, म्हणाला. हामीसनं ते एकेक मोजले आणि खिशात टाकले. त्याचं समाधान झालं. त्यानंतर बुटांचं विचारलेलं नाही.

मग गौराबाईनं त्याला कोमट पाण्यानं आंघोळ घातली, तांदळाच्या पिठानं भिंतीवर सटवाई काढली, मनगटाला काळा दोरा बांधला. बाळाला सुपात निजवतात. सहा फुटी बाळाचे दोन्ही पाय तेवढे सुपात ठेवले, बाकीचा मावत नव्हता. सगळे हसले, तोही हसला. गौराबाईनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"सुकीरवारी आलास. तू सुकऱ्या."

सुकऱ्या, त्यानं म्हणून बघितलं. पुन्हा म्हटलं. दिवसभर म्हणत राहिला, कोणी हाक मारली की ओ देत राहिला.

चिऱ्याचं काय, असं मी विचारलं. गोमाबाबा म्हणाला, "तो हामीस हितंच ऱ्हाऊ दे. त्याचं सगळं खेळणं त्याच्यापाशी हाय. हा सुकऱ्या घरी जाऊ दे, मोकळा."

आई नागलीची पेज घेऊन आली आणि बाळंतिणीला देतात तशी आधी कर्स्टीला दिली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले. गाडी धुक्यात शिरली, मग फक्त आवाज राहिला, मग तोही नाही. बाबा बराच वेळ कान लावून उभा होता.

९ डिसेंबर, मंगळवार

कर्स्टीचा निरोप आला. डॉक्टरकडे तपासणी होती. दरवेळी ते आधी नाव विचारतात, आणि गेले काही महिने तिचे वडील तिथेच अडखळून घाबरे व्हायचे. या वेळी लगेच म्हणाले, सुकऱ्या. डॉक्टरांनी उत्तर चूक म्हणून लिहिलं. ती म्हणाली, डॉक्टर, खोडा ते. बरोबर आहे.

बाबाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बेस. थोडा वेळ दोर वळत बसला. मग म्हणाला, सुकऱ्याला कागद लिव, अठरा वर्सं झाली.

मी लिहायला बसले. बूट मिळाले, असं पहिलंच वाक्य लिहिलं. मग नागलीचं, तांबड्या गाईचं, सपना आता मधे खेळते त्याचं. वेशीवर यंदा उंबर खूप लागलेत त्याचं. पानाचा तळ चार बोटं कोरा सोडला आणि पेन बाबाच्या हातात दिलं.